इंटरनॅशनल मार्केटिंग हा विषय घ्यावा का? सोलापुरात शिकतानाचा माझा अनुभव

बीबीएच्या शेवटच्या वर्षाला इंटरनॅशनल मार्केटिंग घेतलं, त्याला आता बरेच महिने झाले. प्रोजेक्ट झाला, तोंडी परीक्षाही झाली. ऐच्छिक विषय निवडायची वेळ आली की ज्युनिअर मुलंमुली विचारत येतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. माझं मत आधी सांगते. विषय जरूर घ्या, पण पहिल्याच आठवड्यात एक वस्तू ठरवा आणि प्रत्येक प्रकरण त्या वस्तूला लावून बघा. टॉवेल घ्या, डाळिंब घ्या, शाळेचा युनिफॉर्म घ्या. सोलापुरात वस्तूंना तोटा नाही. हे केलं नाही, तर हातात फक्त व्याख्या उरतात.

मी टेरी टॉवेल घेतला. आमचं घर पूर्व भागात, वडिलांचं सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलेलं. सूत कितीचं, पाईल (टॉवेलवर उभे राहणारे धाग्याचे फासे) किती, डझनाचं वजन किती, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. पण हाच टॉवेल परदेशात कसा जातो, कोण नेतं, तिथे कितीला विकला जातो, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मुंबईचा व्यापारी माल उचलतो, एवढंच ठाऊक. पुस्तकात याला अप्रत्यक्ष निर्यात म्हणतात आणि त्यावर जेमतेम एक पान आहे. आमच्या भागातल्या कितीतरी छोट्या कारखानदारांचा निर्यातीशी संबंध त्या एका पानापुरताच येतो. ते पान मोठं व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवातीचे महिने सिद्धांतांचे. पर्लमटरचा ईपीआरजी (परदेशी बाजाराकडे कंपनी कोणत्या नजरेने बघते त्याचे चार प्रकार), हॉफस्टेडची संस्कृतीची परिमाणं (देशांच्या संस्कृतींची गुणांकांत तुलना), घेमावत यांची चार अंतरं. यातलं मला सगळ्यात उपयोगी पडलं ते घेमावत यांचं. दोन देशांतलं अंतर नकाशावर मोजून भागत नाही. सांस्कृतिक, प्रशासकीय, भौगोलिक आणि आर्थिक अशी चार अंतरं बघावी लागतात. भारत आणि संयुक्त अरब अमिरातींमधला सेपा, म्हणजे आयात शुल्क कमी करणारा व्यापार करार, १ मे २०२२ पासून लागू झाला. समुद्र होता तेवढाच राहिला, पण प्रशासकीय अंतर कमी झालं. एवढं उदाहरण घेतलं की प्रकरण डोक्यात बसतं. हॉफस्टेड मात्र परीक्षेपुरता वाचलात तरी चालेल. टॉवेल विकताना त्याचे गुणांक कुठे वापरायचे, हे मला शेवटपर्यंत सापडलं नाही.

खरा विषय उघडला तो एचएस कोडपासून, म्हणजे प्रत्येक मालाला दिलेल्या ठरावीक आकड्यापासून. जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही पद्धत १९८८ पासून चालते. पहिले सहा आकडे जगभर सारखे, आपल्याकडे पुढे आणखी दोन जोडून आठ होतात. सुती टेरी टॉवेलचे सहा आकडे ६३०२६०. जीनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरच्या ट्रेड मॅपवर हे आकडे टाकले की कोणता देश कुणाकडून किती माल घेतो, हे वर्षवार दिसतं. बाजारपेठ निवडीच्या प्रकरणात निकषांची लांबलचक यादी आहे. ती पाठ करण्याआधी अर्धा तास या तक्त्यात घालवा.

आता किंमत. या एका प्रकरणासाठीसुद्धा मी हा विषय पुन्हा घेईन. हिशेबाच्या सोयीसाठी धरा की टॉवेल कारखान्याच्या दारात १०० रुपयांना पडतो. पॅकिंग, न्हावा शेवापर्यंतचं भाडं आणि बंदरावरचा खर्च मिळून ८ रुपये, म्हणजे एफओबी (बोटीवर चढेपर्यंतची किंमत) १०८. बोटीचं भाडं आणि विमा ७ रुपये. अमेरिकेत आयात शुल्क एफओबी किमतीवर लागतं. ते १० टक्के धरलं, तर १० रुपये ८० पैसे. आयातदाराला माल पडला साधारण १२६ला. त्याने २० टक्के चढवले, दुकानदाराने त्याची दुप्पट केली, की गिऱ्हाइकासमोर टॉवेल ३०२ रुपयांचा होतो.

हा तक्ता मी करत होते त्याच सुमारास, २७ ऑगस्ट २०२५ पासून, अमेरिकेने भारतीय मालावरचं जादा शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. भारतीय टेरी टॉवेलचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिकाच. शहरात जिथे जाल तिथे तोच विषय. मी तक्त्यात १०च्या जागी ६० टक्के टाकले. शुल्क ५४ रुपयांनी वाढलं, पण दुकानातली किंमत ३०२वरून ४३२वर गेली, म्हणजे जवळजवळ १३० रुपयांची वाढ. मधला प्रत्येक जण आपला नफा टक्क्यांत लावतो, त्यामुळे शुल्कावरही नफा चढत जातो. पुस्तकात याला प्राइस एस्कलेशन म्हणतात. आयातदार आधीच्या मालावर सवलत का मागतात आणि नवीन ऑर्डर का थांबवतात, हे मला त्या तक्त्यातून कळलं. दर बदलत राहतात, पण हिशेबाची रीत तीच राहते. ती हातात आली की बातमी वाचल्यावर आपल्या गल्लीवर काय परिणाम होणार याचा अंदाज बांधता येतो.

इन्कोटर्म्स, म्हणजे खर्च आणि जोखीम कुठवर कुणाची हे ठरवणारे आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियम, वर्गात तक्ता काढून शिकवले, तेव्हा सगळं समजल्यासारखं वाटलं. पण शेजारचे कारखानदार काका एका वाक्यात म्हणाले, "बोटीवर चढंपर्यंत माझं, चढलं की त्याचं." एफओबी याहून सोपं कुणी सांगितलेलं नाही. गंमत सीआयएफची आहे. भाडं आणि विमा विकणाराच भरतो, म्हणून माल तिकडच्या बंदरात पोचेपर्यंत जोखीमही त्याचीच असं वाटतं. तसं नाही. जोखीम इथे बोटीवर माल चढताच घेणाऱ्याकडे जाते. खर्च कुठवर आणि जोखीम कुठवर, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारायची सवय लावा. तोंडी परीक्षेत हमखास विचारतात, आणि व्यवहारात तर यावरूनच भांडणं होतात.

माझ्या मैत्रिणीने प्रोजेक्टला डाळिंब घेतलं होतं, तिचं घर सांगोल्याकडचं. तिच्यामुळे मला कळलं की ६ डिसेंबर २०२४ला निघालेलं सोलापूर भागातलं डाळिंब १३ जानेवारी २०२५ला समुद्रमार्गे सिडनीला पोचलं. ५.७ टन माल, तीन किलोच्या १,९०० पेट्या. आपल्या मार्केट यार्डात तेच डाळिंब कॅरेटमध्ये येतं. एकच फळ, पण पेटी वेगळी, प्रतवारी वेगळी, महिनाभराहून जास्त टिकवण्याची व्यवस्था वेगळी. प्रॉडक्ट अ‍ॅडाप्टेशन, म्हणजे बाजाराप्रमाणे वस्तूत बदल करणं, शिकवायला पुस्तकं अमेरिकी बर्गरचं उदाहरण देतात. सोलापूरच्या वर्गात सांगोल्याचं डाळिंब द्यावं.

आता तक्रारी. आम्हाला मिळालेल्या नोट्स जुन्या होत्या. इन्कोटर्म्समध्ये डीएटी (टर्मिनलवर माल उतरवून देणं) लिहिलेलं, ते २०२० च्या नियमांत डीपीयू (ठरलेल्या जागी उतरवून देणं) झालंय. निर्यात प्रोत्साहनाच्या पानावर एमईआयएस ही सरकारी योजना, ती बंद होऊन १ जानेवारी २०२१ पासून निर्यातदाराला कर परत देणारी रोडटेप आली, आणि टॉवेलसारख्या मेड-अप्सना (तयार कापडी वस्तूंना) तर आरओएससीटीएल ही कर परताव्याची वेगळी योजना लागू झाली. परीक्षेत जुनंच लिहून गुण मिळतात, पण एक्स्पोर्ट हाउसमध्ये मुलाखतीला गेल्यावर हेच उघडं पडतं. आमच्या मॅडमनी डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावरून बरंच दुरुस्त करून घेतलं, त्यांचे आभार. दुसरी तक्रार भाषेची. वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड माध्यमातून आलेली मुलं अर्ध्याहून जास्त. कारखान्यात वाढलेला मुलगा टॉवेलबद्दल तासभर बोलेल, पण इंग्रजीत पंधरा ओळींचं टिपण लिहायला त्याला जड जातं. त्याला कमी गुण मिळताना बघून फार वाईट वाटलं.

भौगोलिक मानांकनावरही वर्गात आणखी वेळ द्यायला हवा होता. सोलापुरी चादरीला मानांकन आहे, याचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो असावाच. पण ते संरक्षण भारतापुरतं. दुसऱ्या देशात नाव जपायचं तर तिथल्या कायद्यानुसार वेगळी नोंद करावी लागते. ब्रँडिंगच्या प्रकरणात हा मुद्दा दोन ओळींत संपला.

हा विषय कुणी घेऊ नये? ज्यांना जाहिरात, सोशल मीडिया यातच जायचंय, त्यांना यातला कागदपत्रांचा भाग रटाळ वाटेल. लेटर ऑफ क्रेडिट (पैसे देण्याची बँकेची हमी), बिल ऑफ लेडिंग (माल बोटीवर चढल्याची पावती), पॅकिंग लिस्ट यांना पर्याय नाही. मालाच्या वर्णनात एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी बँक पैसे अडवू शकते. ज्यांच्या घरी माग आहेत, बाग आहे किंवा युनिफॉर्मचं युनिट आहे, त्यांनी मात्र डोळे झाकून घ्यावा. जोडीला कॉस्टिंग चांगलं करा, त्याशिवाय एफओबीची किंमत काढता येत नाही. आणि कॉलेजात विषय निवडण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: नोट्समधले इन्कोटर्म्स कोणत्या सालचे आहेत, आणि प्रोजेक्टसाठी खऱ्या निर्यातदाराकडे पाठवतात का.