गंगापूर रस्त्यावरची चुलीवरची मिसळ

नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरील या मिसळगृहातील काळ्या मसाल्याच्या रश्श्याची खरी ओळख जिभेपेक्षा नाकाला अधिक पटते, कारण घास चावताना भाजलेल्या खोबऱ्याचा गंध घशामागून नाकात चढतो. सर्दी असताना येथे येणे म्हणजे अर्धी मिसळ गमावणे होय. तिखट ही तर मुळात चवच नव्हे. मिरचीतील कॅप्सेसिन हे तिखट द्रव्य सुमारे ४३ अंश सेल्सिअसवरील उष्णता ओळखणाऱ्या टीआरपीव्ही१ या ग्राहीला, म्हणजे मज्जातंतूंवरील संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, चेतवते, म्हणून तोंड भाजल्यासारखे वाटते. हा ग्राही शोधणारे अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस २०२१च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलचे सहमानकरी ठरले. ताटातील घट्ट दही त्यामुळेच मोलाचे आहे, कारण त्यातील केसीन हे दुधातले प्रथिन कॅप्सेसिनला बांधून ठेवते आणि पाण्याला ते साधत नाही. शेव वेगळी मागावी, म्हणजे कुरकुरीतपणा टिकतो. पाव मात्र कोरडा होता.