हुमायूनची कबर की सफदरजंगाचा मकबरा?

दिल्लीत एकच सकाळ हाताशी असेल, तर मुघल उद्यान-मकबऱ्यांपैकी निवड बहुधा या दोन वास्तूंमध्ये करावी लागते. पाण्याच्या पाटांनी विभागलेली चारबाग, तिच्या मध्यभागी उंच चौथरा आणि त्यावर घुमटाची इमारत, ही मांडणी दोन्हीकडे सारखीच असली, तरी त्यांच्यात सुमारे १८० वर्षांचे अंतर आहे आणि ते पाहताक्षणी जाणवते.

हुमायून १५५६ मध्ये वारला. त्याची बेगम हाजी बेगम हिच्या पुढाकाराने, मीरक मिर्झा घियास या इराणी स्थापत्यकाराच्या आराखड्यानुसार, ही वास्तू १५७० च्या सुमारास उभी राहिली. तिचा घुमट दुहेरी आहे: बाहेरचे कवच दुरूनही भव्य दिसावे इतके उंच, तर आतले कवच बरेच खाली, म्हणून दालनाची उंची त्याच्या रुंदीला शोभून दिसते. लाल वालुकाश्मावर पांढऱ्या संगमरवराच्या रेषा इतक्या संयमाने वापरल्या आहेत की प्रत्येक कमान स्वतंत्रपणे वाचता येते. प्रमाणबद्धतेचा हा धडा मला ताजमहालापेक्षाही अधिक स्पष्ट वाटतो. १८५७ मध्ये बहादूरशाह जफर इंग्रजांच्या हाती पडला तोही याच आवारात.

सफदरजंगाचा मकबरा १७५४ च्या सुमाराचा. येथे इमारत उभट झाली आहे, घुमट फुगीर आहे, कोपऱ्यांतले मिनार मुख्य वास्तूला चिकटले आहेत आणि आत गिलाव्यातील नक्षीची गर्दी आहे. त्याचा संगमरवर रहीम खानखानाच्या मकबऱ्यावरून काढून आणल्याचे मानले जाते. बादशाहीची ओढगस्त यावरून कळते. तरीही मराठ्यांचा इतिहास वाचणाऱ्याने ही वास्तू टाळू नये. अवधचा नवाब आणि बादशहाचा वझीर असलेल्या सफदरजंगाने पठाणांविरुद्ध मल्हारराव होळकर व जयाप्पा शिंदे यांची मदत घेतली, आणि १७५२ मध्ये बादशाहीच्या रक्षणाचा करार मराठ्यांशी घडवून आणला. हा मकबरा बांधणारा त्याचा मुलगा शुजाउद्दौला मात्र १७६१ मध्ये पानिपतावर अब्दालीच्या बाजूने उभा होता.

स्थापत्यासाठी एकच वास्तू पाहायची असेल, तर निःसंशय हुमायूनची कबर निवडावी. आवारातील १५४७ ची इसा खानाची अष्टकोनी कबरही त्यात पाहून होते. दोन्ही जमत असतील, तर हुमायूनपासूनच सुरुवात करावी, कारण मूळ प्रमाण डोळ्यांत बसल्याशिवाय सफदरजंगाच्या वास्तूत नेमके काय बदलले ते उमगत नाही. नंतर वेळ उरलाच, तर तेथून लोदी बाग चालत जाण्याजोगी आहे.