दॉर्दोन्यची सेल्फ-गायडेड सायकल टूर: ठाण्याच्या येऊरला सायकल मारणाऱ्यांसाठी रिव्ह्यू (जरा लांबलाय)

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईतले सुटतील. रूट पाचपैकी पाच, सायकल साडेचार, हॉटेलं तीन, आणि ब्रोशरमधल्या 'इझी' या ग्रेडला भोपळा.

प्रकार असा की ही टूर फ्रान्सच्या नैऋत्येला, बोर्दोच्या पूर्वेकडे दॉर्दोन्य नदीच्या खोऱ्यात आहे. कंपनी (नाव टाकत नाही, पुढे थोडी कुरकुर आहे) रोड बाईक देते, रोजची जीपीएक्स फाईल (म्हणजे जीपीएसवर चालणारा मार्गाचा नकाशा) देते, सकाळी आपल्या बॅगा उचलून पुढच्या हॉटेलात टाकते आणि अडलंनडलं तर एक फोन नंबर. गाईड नाही, मागे सपोर्टची गाडी नाही. माणशी लाखाच्या वर जातातच, विमान आणि व्हिसा वेगळा. मग नकाशा फुकट मिळत असताना हे पैसे कशाचे, हा प्रश्न रास्त आहे आणि माझ्या सासऱ्यांनी तो अगदी एअरपोर्टच्या गेटपर्यंत विचारला.

पैसे रस्ता निवडण्याचे आहेत, बाबा. बेनाक गावाचंच घ्या. एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला नदी, मधल्या चिंचोळ्या पट्टीत गाव आणि त्याच पट्टीतून डी ७०३ हा मोठा रस्ता, सीझनला टुरिस्ट बस आणि कॅराव्हान नुसत्या चिकटून. म्हणून बायपास काढायला घेतला होता, पुलाचे खांब उभे राहिले, आणि 2018 च्या शेवटी तिथल्या वरच्या कोर्टाने काम थांबवलं, कारण एवढ्या देखण्या खोऱ्याचं नुकसान होईल, आणि पुढच्या वर्षी तर जे बांधलंय ते पाडा असा आदेश आला. घोडबंदर रोडवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. तर आपली फाईल काय करते, डी ७०३ ला जेमतेम शिवून लगेच पूल ओलांडते आणि पलीकडच्या काठाने कास्तेल्नोच्या बाजूने नेते. तिकडे रस्ता एका गाडीच्या रुंदीचा, दोन्हीकडे अक्रोडाच्या बागा, ट्रॅफिक म्हणजे एखादा ट्रॅक्टर. आणि गंमत म्हणजे बेनाकचा किल्ला कड्यावर अख्खा दिसतो तो इथूनच, गावात उभं राहून मान मोडली तरी दिसत नाही. कास्तेल्नोचा किल्ला त्याच्या बरोबर समोर. 1337 ते 1453 च्या इंग्रज-फ्रेंच लढायांत बेनाक फ्रेंचांकडे आणि कास्तेल्नो बराच काळ इंग्रजांकडे, मध्ये फक्त नदी. कास्तेल्नोमध्ये आता जुन्या युद्धसामग्रीचं म्युझियम आहे, दगड फेकायची प्रचंड लाकडी यंत्रं बाहेर उभी करून ठेवलीयत, नवरा तिथून हलेचना.

त्याच काठाने थोडं पुढे मिलांदचा वाडा, नर्तकी-गायिका जोसेफिन बेकरने 1947 मध्ये विकत घेतलेला. आत जायचं तर वेळ हाताशी ठेवा, आम्ही बागेतूनच निघालो.

ड्रायव्हरांबद्दल वेगळं लिहायला हवं. गावाबाहेर सायकलला ओव्हरटेक करताना दीड मीटर अंतर सोडायचा कायदा आहे, गावात एक मीटर, आणि लोक तो पाळतात. वळणावर गाडी मागे निमूट रांगते, हॉर्न नाही. आपल्याकडे गायमुखच्या घाटात ट्रेलरचा आरसा कोपराला चाटून जातो आणि वर क्लीनर आपल्यालाच शिव्या घालतो, त्यामुळे सुरुवातीला मागे शांतपणे येणाऱ्या गाडीचीच भीती वाटते, सारखं वळून बघितलं जातं. एक मात्र डोक्यात ठेवा, गावांमधून उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याला बऱ्याच ठिकाणी प्राधान्य असतं, ती गल्ली कितीही फालतू दिसो. कंपनीच्या माहितीपत्रकात हे बारीक अक्षरात शेवटच्या पानावर होतं, ते पहिल्या पानावर मोठ्या टायपात पाहिजे होतं.

आता 'इझी'. दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर, वाचायला काहीच नाही, पामबीच रोडला आपण गप्पा मारत मारतो तेवढं. पण पामबीच सपाट आहे हो! येऊरला कसं, एकदा गेटपासून वर चढलात की संपलं, मग उतारावर आराम आणि खाली उपवनला चहा. इथे तसं नाही. एक-दीड किलोमीटरचा चढ, तेवढाच उतार, उताराचा वेग हातात यायच्या आत पुढचा चढ, आणि हे दिवसभर. एकही चढ एकटा घेतला तर त्रास देणारा नाही, पण संध्याकाळी गार्मिन (सायकलवरचा जीपीएस) एकूण चढाई सातशे-आठशे मीटर दाखवतं आणि मांड्या गार्मिनच्या आधीच सांगतात. लांब घाटाची तयारी इथे कामाची नाही, बेलापूरला पारसिक हिलवर खालीवर खालीवर रिपीट मारा, तो खरा अभ्यास.

दोम हे गाव त्यातल्या त्यात मोठा चढ. 1281 मध्ये वसवलेलं तटबंदीचं गाव, नदीच्या जवळपास दीडशे मीटर वर. 2017 च्या टूर द फ्रान्समध्ये पेरिग्यो ते बेर्जराक स्टेजला हा चढ होता आणि त्याला दिलेली कॅटेगरी चौथी, म्हणजे सगळ्यात खालची. ते वाचून मी निश्चिंत होते, झाडीतल्या वळणावर खालचा गिअर संपल्यावर त्या कॅटेगरीवाल्यांची आठवण काढली. वर गेलात की थेट आईस्क्रीमकडे धावू नका, पोर्त दे तूर हा जुना दरवाजा बघा. 1307 मध्ये टेम्पलरांना, म्हणजे धर्मयुद्धातल्या ख्रिस्ती योद्धा-संन्याशांना, पकडलं तेव्हा इथे कोंडलेल्यांनी भिंतींवर क्रॉस आणि आकृत्या कोरल्या असं सांगतात. आणि मग चौकाच्या टोकाचा कठडा, तिथून खालचं खोरं दिसतं, नदीचं वळण, मक्याची शेतं, पॉप्लरच्या रांगा. आपण सकाळपासून कुठून कुठून आलो ते बोटाने दाखवता येतं.

सायकल उत्तम, कार्बन फ्रेम, ३२ मिलीमीटर रुंदीचे टायर. टायरचं सांगते कारण उन्हाळ्यात तिकडे रस्त्यावर डांबर ओतून वर बारीक खडी पसरतात आणि गाड्यांनीच ती दाबली जाऊ देतात, 'ग्राव्हिलाँ' अशी पाटी दिसली की वेग कमी करा, २५ च्या टायरवर घसरायला वेळ लागत नाही. पुढचा ब्रेक डाव्या हाताला येतो तिथे बहुतेक सायकलींना, ताब्यात घेताना विचारूनच घ्या. अर्धा गुण कापला तो सीटसाठी. नवऱ्याने ई-बाईक घेतली होती, पहिल्या दिवशी मी हसले, नंतर त्याने दर चढावर वर थांबून माझे फोटो काढले, एकाही फोटोत मी माणसात दिसत नाही.

खाणं. हा बदकांचा मुलुख आहे, मेनूकार्ड उघडलं की बदक, बदकाचं लिव्हर, परत बदक. आमच्याकडे नवरा शाकाहारी. कंपनीला दोनदा मेल केली होती, त्यांनी 'नो प्रॉब्लेम' लिहिलं आणि हॉटेलांना कळवलंच नाही. मग पहिल्या रात्री बिचाऱ्याने साधे बटाटे मागवले, खरपूस, लसूण आणि पार्सली घातलेले, वास असा की मी दोन घास पळवले. मला शंका आली म्हणून वेट्रेसला विचारलं, तर ती कौतुकाने म्हणाली, अर्थातच बदकाच्या चरबीत परतलेत, सार्ला गावाचे बटाटे असेच करतात! तेव्हा शाकाहारींनो, या भागात बटाट्यावरही विश्वास ठेवू नका. ऑम्लेट चालत असेल तर सेप मशरूमचं घ्या, बकरीचं छोटं चकतीसारखं चीज काबेकू, अक्रोडाचा केक, यावर दिवस निघतो. सार्लाच्या बुधवार-शनिवारच्या बाजारात स्ट्रॉबेऱ्या घ्या, दुसरं काही नाही घेतलंत तरी.

जेवणाची वेळ पाळा, बारा ते दोन. सव्वादोनला किचन बंद म्हणजे बंद, ठाण्यात मामलेदारला कशी दिवसभर मिसळ मिळते ते विसरा. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी लहान गावात दुकानंही उघडी सापडत नाहीत, सकाळीच बेकरीतून ब्रेड घेऊन खिशात टाकायचा. पाणी संपलं तर गावाचं कब्रस्तान शोधा, तिथे बहुतेक ठिकाणी नळ असतो, फक्त 'नों पोताब्ल' (पिण्याचं नाही) लिहिलेलं नाही ना एवढं बघा. रूटची फाईल एवढी हुशार, पण त्यात पाण्याचे पॉइंट मार्क केलेले नाहीत, हे खटकलंच.

हॉटेलांना तीन कारण एका संध्याकाळी बॅगा अंधार पडल्यावर आल्या, आणि जूनमध्ये तिकडे अंधार पडतो रात्री दहाच्या सुमारास. आम्ही सायकलिंग शॉर्ट्समध्येच डायनिंग हॉलमध्ये. फोन नंबरवर माणूस मात्र उचलतो आणि इंग्रजी बोलतो, सॉरीही मनापासून म्हणाला, बिलात काही कमी झालं नाही.

वेझेर नदीच्या बाजूचा एक दिवस कमी करू नका असं सांगेन. लेझेझी ते मोंतिन्याक, चुनखडीच्या कड्यांखालून रस्ता जातो. मोंतिन्याकला लास्को, आदिमानवाच्या चित्रांची गुहा. मूळ गुहा 1940 मध्ये सापडली आणि माणसांच्या श्वासाने चित्रं खराब व्हायला लागल्यावर 1963 पासून लोकांसाठी बंद, आता दिसते ती 2016 मध्ये उघडलेली पूर्ण प्रतिकृती. प्रतिकृती म्हणून नाक मुरडत गेले होते, आत गेल्यावर बैलांकडे बघताना ते आठवलंही नाही. वेळेचं तिकीट आधी काढावं लागतं आणि कंपनी ते काढून देत नाही.

जायचं असेल तर मे, जून नाहीतर सप्टेंबर, जुलै-ऑगस्टचं ऊन आणि गर्दी दोन्ही नको. पॅरिसहून बोर्दो टीजीव्ही या वेगवान गाडीने दोन तासांच्या थोडं वर, पुढे सार्लापर्यंत लोकल गाडी. हेल्मेट आणि पेडल घरून न्या. व्हिसाच्या अपॉइंटमेंटचं आधी बघा आणि मगच टूरचा अॅडव्हान्स भरा, तो परत मिळत नाही.