पूलमध्ये नेम नजरेने धरायचा की सिस्टीमने? ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी

माझा मामेभाऊ हिंजवडीत नोकरीला आहे, राहायला कोथरूडला, आणि दर शनिवारी ऑफिसच्या पोरांबरोबर दोन तास पूल (टेबलावर काठीने बॉल मारून पॉकेटमध्ये घालायचा खेळ) खेळतो. गेल्या महिन्यात म्हणाला, दादा, मी त्या घोस्ट बॉल, फ्रॅक्शन वगैरे नेम धरायच्या सिस्टीम नीट शिकून घेऊ का, की नुसतं खेळत राहू, नजर आपोआप बसेल? फोनवर जेवढं सुचलं तेवढं सांगितलं, पण नंतर दोन दिवस डोक्यात तेच चालू होतं म्हणून आता सविस्तर लिहितोय.

निवड करायच्या आधी एक तपासून घ्या. बॉल टेबलाच्या मधोमध ठेवा, व्हाइट (आपण क्यूने मारतो तो पांढरा बॉल) त्याच्या मागे पॉकेटच्या अगदी सरळ रेषेत, आणि दहा वेळा मारा. यात अँगलच नाहीये, त्यामुळे नेमाचा प्रश्नच येत नाही. तरीही दहातले सात जात नसतील तर तुमचा क्यू, म्हणजे मारायची काठी, वाकडा चालतोय, आणि मग नजर की सिस्टीम या वादात वेळ घालवू नका, आधी हात सरळ करा. मी स्वतः वर्षभर वेगवेगळे नेम करून बघत होतो आणि मारताना माझं कोपर बाहेर जात होतं.

आता नजरेचं. नजरवाला खेळाडू शॉट बघतो, वाकतो, मारतो. विचाराल कुठे नेम धरला तर त्याला सांगता येत नाही, तो म्हणेल दिसतं रे. हे खोटं नाही, खरंच दिसतं. फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस लहानपणापासून मनिलात काकांच्या पूल हॉलमध्ये वाढला, टेबलावरच झोपायचा, आणि 1999 ला नाइन-बॉल या पूलच्या प्रकाराचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. एवढे तास टेबलाशेजारी काढले की मेंदूत हजारो शॉट साठतात आणि नवीन शॉट समोर आला की त्यातलाच एखादा ओळखीचा निघतो.

नजरेचा अजून एक मोठा फायदा आहे जो सिस्टीमवाले फारसा बोलत नाहीत, तो म्हणजे थ्रो. कट मारताना, म्हणजे बॉल सरळ न मारता कोनात कापताना, दोन बॉल एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्याने समोरचा बॉल व्हाइट ज्या दिशेने चाललाय तिकडे थोडा ओढला जातो, म्हणजे कट कमी होतो, आपण म्हणतो जाड लागला. हळू मारलं की जास्त, बॉल मळलेले असले की अजून जास्त. आपल्याकडे पार्लरमध्ये बॉल किती दिवसांनी पुसतात ते तुम्हाला माहितीये, त्यात जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याची दमट हवा आणि ओलसर कापड. आता हिशोब बघा, साडेचार इंची पॉकेटला बॉलच्या दोन्ही बाजूंना जेमतेम अर्ध्या बॉलची जागा उरते, एक मीटरवरून मारलं तर साधारण दीड अंशाची चूक चालते, आणि थ्रो सहज तीन अंश होऊ शकतो. नजरवाल्याला थ्रो हा शब्दही माहीत नसेल, पण त्याने याच टेबलावर पन्नास बॉल जाड लागलेले बघितलेत, तो आपोआप बारीक, म्हणजे जास्त कापून, मारतो. कागदावरची भूमिती हे तुम्हाला देत नाही.

पण नजर बसायला तास लागतात आणि तासाचे पैसे लागतात. आठवड्याला दोन तास, त्यातला निम्मा वेळ समोरचा खेळतो, म्हणजे तुमच्या हातात एक तास. शिवाय नजर बिघडली की दुरुस्त कशी करायची ते कळत नाही. बॉल गेला नाही तर "आज बसत नाहीये" एवढंच म्हणता येतं. जाड लागला का बारीक, कितीने, काही सांगता येत नाही, मग पुढचा शॉटही अंदाजेच.

सिस्टीमची खरी किंमत इथे आहे आणि ती मला एका मार्करकाकांनी, म्हणजे क्लबात टेबल सांभाळणाऱ्या काकांनी, दाखवली. कॅम्पातल्या एका जुन्या क्लबात मी मित्राबरोबर गेस्ट म्हणून जायचो, तिथे स्नूकरच्या टेबलावर माझा एक साधा कट सारखा जाड लागत होता. काका काही न बोलता आले, दुसरा एक बॉल घेऊन लालला चिकटवून ठेवला, बरोबर पॉकेटच्या उलट्या बाजूला, तिन्ही एका रेषेत. मला व्हाइटच्या मागे उभं केलं, म्हणाले नीट बघून घे. मग तो बॉल उचलला आणि त्याच्या जागी कापडावर बोट टेकवलं. लाल बघू नको, माझं बोट बघ, पांढरा इथे आण. बोट काढलं, मी मारला, गेला. परत लावला, परत गेला. घोस्ट बॉल (लालला टेकताना व्हाइट जिथे असायला हवा तिथला काल्पनिक बॉल) हे नाव त्यांनी कधी ऐकलंही नसेल, पण अख्खी सिस्टीम त्या बोटात होती.

मी तोपर्यंत काय करत होतो तर लालवर जिथे लागायला हवं त्या ठिपक्याकडे व्हाइटचा मध्य नेत होतो. नव्वद टक्के नवीन लोक हेच करतात असं मला पक्कं वाटतं. पूलचा बॉल 57 मिलिमीटरचा असतो. 30 अंशाच्या कटला तो ठिपका तुमच्या बाजूने बघितला तर बॉलच्या मध्यापासून 14 मिलिमीटर बाजूला असतो. पण व्हाइटही गोल आहे, तोही बाजूनेच टेकणार, म्हणून व्हाइटचा मध्य त्याच्या दुप्पट, 28 मिलिमीटरच्या जरा पुढे न्यावा लागतो, म्हणजे बरोबर बॉलच्या कडेवर. ठिपक्यावरच नेला तर बॉल 30 ऐवजी 14-15 अंशानेच कापला जातो. ठिपका शोधा, मध्यापासूनचं अंतर दुप्पट करा, तिथे नेम धरा, बास. याच्याइतकी स्वस्त आणि मस्त सिस्टीम दुसरी नाही.

फ्रॅक्शन हे त्याचंच पुढचं रूप. व्हाइट समोरच्या बॉलचा किती भाग झाकतो ते बघायचं. पाऊण झाकला तर साडेचौदा अंश, अर्धा झाकला तर 30, पाव झाकला तर साधारण 49. हे तीन पाठ करा आणि बाकीचे अँगल यांच्यामध्ये कुठे बसतात ते बघा. त्यातला हाफ बॉल सगळ्यात सोपा कारण क्यूचं टोक सरळ बॉलच्या कडेवर रोखायचं, अंदाज लावायलाच लागत नाही. बिलियर्ड्सवाल्यांचा तर अर्धा खेळ याच हाफ बॉलवर उभा असतो. (विल्सन जोन्स इथले, 1922 ला पुण्यात जन्मले आणि 1958 ला कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक विजेते झाले, कुठल्याही वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला पहिला भारतीय, आणि आपल्याच शहरात हे किती जणांना माहितीये देव जाणे.) हाफ बॉलला एवढं महत्त्व असण्यामागे कारण आहे. लोळत जाणारा व्हाइट हाफ बॉल लागला की तीस-पस्तीस अंश वळतो, आणि थोडं जाड-बारीक झालं तरी त्या वळण्यात फारसा फरक पडत नाही. म्हणजे बॉल कुठे जाणार तेही कळतं आणि व्हाइट कुठे थांबणार तेही. पुढच्या बॉलची पोझिशन मिळवायला हे सोनं आहे. नजरवाल्यालाही हे येतं, पण बऱ्याच वर्षांनी.

हॅल हूल यांच्यामुळे गाजलेली सेंटर-टू-एज सारखी पिव्होटवाली (क्यू आधी ठरावीक रेषेत ठेवून मग वळवायचा) पद्धत मात्र मी सुरुवातीला कोणालाच सुचवणार नाही. ठरावीक दोन-चार रेषांवरून सगळे अँगल निघतात असं ती मानणारे म्हणतात, पण अँगल असंख्य आहेत, उरलेला फरक शेवटी तुमची नजरच भरून काढते. मग सरळ नजरेवरच काम का करू नये? आणि साईड, म्हणजे व्हाइटला डाव्या-उजव्या बाजूने मारून फिरकी, लावणार असाल तर सगळ्याच सिस्टीम कोलमडतात कारण व्हाइट मुळात उलट्या बाजूला सरकून निघतो. पहिले सहा महिने साईड विसरा.

सिस्टीमचा खरा धोका वेगळाच आहे. लोक वाकल्यावर गणित करतात. हाफ का त्याहून जरा बारीक, क्यू पुढेमागे चाललाय, डोकं हललं, आणि मारला तो निम्म्या मनाने. असा शॉट जवळजवळ कधीच जात नाही. अँगल उभं असतानाच ठरवायचा, पॉकेटच्या रेषेत जाऊन बघायचा, मग व्हाइटच्या मागे येऊन वाकायचं, आणि वाकल्यावर काही चुकीचं वाटलं तर क्यू वळवत बसायचं नाही, उठायचं, परत वाकायचं.

तर माझं मत. रोज तास-दोन तास मिळत असतील, वय कमी असेल, शेजारी चांगलं खेळणारं कोणी असेल तर नजरेवर सोडा, सिस्टीम नंतर आली तरी चालेल. मामेभावासारखं आठवड्याला दोनच तास मिळत असतील तर घोस्ट बॉल आणि हाफ बॉल शिकूनच घ्या कारण तुम्हाला प्रत्येक चुकलेल्या शॉटमधून काहीतरी घरी न्यायचंय. जाड लागला एवढं जरी ओळखता आलं तरी पुढच्या वेळी बारीक मारता येतं, तीन महिन्यांत नजरही त्याच मापाने बसायला लागते.

त्याला मी सांगितलंय की येत्या शनिवारी पोरं यायच्या अर्धा तास आधी जा, वहीच्या भोकाला लावतात त्या कागदी रिंगा घेऊन जा, आणि मार्करला विचारून घोस्ट बॉलच्या जागी एक चिकटव. खडूच्या खुणा कापडावर करू नकोस, चिडतात आणि बरोबरच चिडतात. पंधरा शॉट रिंग बघून मार, मग रिंग काढ आणि त्याच जागेवरून पंधरा मार, आणि दुसऱ्या पंधरातले किती गेले ते मला रात्री कळव.