21 गिअर आणि उरवाईचा चढ

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका दुकानातून साडेचौदा हजारांना घेतलेली ही हायब्रिड सायकल आता माझ्या हाताला बसली आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही.

शिंदे की छावणी ते फूलबाग कुठलीही सायकल चालते, पायांना फारसं कळत नाही. कस लागतो तो किल्ल्यावर जाताना, उरवाई गेटला. खडकात कोरलेल्या जैन मूर्ती दिसू लागल्या की मांड्या बोलायला लागतात. पायडल खाली जाताना, घड्याळात एक ते पाच म्हणा, बहुतेक जोर मांडीच्या पुढच्या स्नायूंचा आणि नितंबांचा. तळाशी पाय मागे ओढायला मांडीची मागची बाजू आणि पोटरी. वर येणारा पाय मात्र बहुधा नुसतं ओझं असतो, आणि ते उचलायचं खाली दाबणाऱ्या पायाने! जांघेतल्या स्नायूंनी तो जरा जरी वर घेतला तरी चढावर फरक जाणवतो.

पण हे सगळं सीट नीट असेल तर. दुकानातल्या पोराने ती इतकी खाली बसवली होती की दोन्ही तळवे जमिनीला टेकावेत. ‘आंटी, सेफ रहेगा.’ अरे बाबा, आणि गुडघ्यांचं काय? सीट खाली असली की गुडघा जास्त दुमडतो, वाटीच्या मागे दाब वाढतो आणि नितंबांना पुरतं काम मिळतच नाही. टाच पायडलवर ठेवून ते अगदी खाली नेल्यावर पाय सरळ व्हायला हवा. मग चालवताना पंजा पायडलवर आला की गुडघ्यात 25-30 अंशांचा बाक आपोआप राहतो. सीट चढवून घेतली आणि गुडघ्याची कुरकुर थांबली. आता दुखतात ते नितंब, आणि तेच दुखायला हवेत.

गिअर उत्तम. जड गिअरला मांड्या पेटतात, हलक्याला धाप लागते. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी धाप पत्करावी. एक गंमत म्हणजे, किल्ल्यावरून ग्वाल्हेर गेटने पायी उतरलं की दुसऱ्या दिवशी मांड्या जेवढ्या ठणकतात, तेवढ्या सायकलने चढूनही ठणकत नाहीत. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, पायडल मारताना तो फक्त आकुंचन पावतो. हाडांना मात्र सायकलचा फारसा उपयोग नाही, अंगाचा भार सीटवर असतो. त्यासाठी चालणं आलंच.

खोड्या आहेत. मडगार्ड वेगळे घ्यावे लागले, पुढचा गिअर बदलताना चेन घासते, आणि सीट म्हणजे पाटा. ब्रेक मात्र उरवाईच्या उतारावरही पक्के. फूलबागेपर्यंतच जाणार असाल तर 7 गिअरची घ्या, उरलेल्या पैशांत कुलूप येईल आणि बेढई-जलेबीही.