कुपवाडच्या मिस्त्रींकडून टँकचा काठ करून घेतला, त्याबद्दल

सांगलीजवळ, बुधगावच्या पुढे तासगाव रस्त्याला आमच्या शेतात सासऱ्यांनी बांधलेला स्विमिंग टँक आहे, चाळीस फूट बाय वीस फूट. कृष्णेत पोरं फुकट पोहतात, टँकला पैसे कोण देणार, असं तेव्हा सगळे म्हणायचे. आता एप्रिल-मेमध्ये पोरांच्या बॅचेस फुल्ल असतात, आणि सकाळी सहाच्या बॅचची फी बायका महिनाभर आधीच भरून ठेवतात. टँक आतून ठणठणीत आहे. भोवतीची शहाबाद फरशी आणि काठाचं कोपिंग, म्हणजे टँकच्या भिंतीच्या माथ्यावर बसवलेली पट्टी, मात्र पार गेलं होतं. ते या हिवाळ्यात कुपवाडच्या एका मिस्त्रींकडून नवं करून घेतलं. त्यांचं नाव-नंबर इथे टाकत नाही. हातात आहेत तीच कामं उरकत नाहीत म्हणून त्यांनीच नको म्हटलंय. ज्यांना खरंच पाहिजे त्यांनी टँकवर येऊन काम बघावं, मग नंबर देते.

त्याआधी एका मोठ्या ठेकेदारानं उभ्या उभ्या कोटेशन दिलं होतं. आहे त्या फरशीवरच केमिकल लावून नवी टाइल, आठवड्यात काम खलास, दहा वर्षांची गॅरंटी. गॅरंटी अर्थातच तोंडी. मिस्त्रींनी आल्या आल्या बादलीभर पाणी मागितलं, फरशीवर ओतलं आणि उकिडवे बसून बघत राहिले. वाटेतला पालापाचोळा आणि मुंग्या घेऊन सगळं पाणी टँकमध्ये उतरलं. मग हातोडीच्या दांड्यानं एकेक फरशी वाजवत गेले. काठापासून दोन-अडीच फुटांपर्यंत सगळीकडे बद्द आवाज. “वैनी, फरशीचा काय दोष न्हाई. खालची माती बसल्या. हिच्यावर सोन्याची टाइल लावा, ती बी फुटणार.”

झालं होतं असं. टँक बांधताना भिंतीच्या बाहेर जो खड्डा घेतला, तो परत त्याच काळ्या मातीनं भरून टाकला होता. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि मार्चनंतर हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे रानात सगळ्यांना माहीत असतं. फरशीखाली तेच चाललं होतं. माती बसली तशी फरशी टँककडे कलली, आणि फुगताना ती कोपिंगला रेटत राहिली. दोन्हींच्या मध्ये सांधा सोडायचा असतो, तो सिमेंटनं गच्च भरलेला. मग कोपिंग पाण्याच्या बाजूला सरकायचं आणि त्याच्याखालच्या निळ्या टाइल्सची वरची ओळ गळून पडायची. आधीचे गवंडी दर वर्षी ती नव्यानं चिकटवून पैसे घेऊन जात. का पडते, हे एकानंही सांगितलं नव्हतं.

शहाबादचं वेगळंच. टँकचा पीएच चढला की आपण ॲसिड टाकतो, त्याची कॅन ठेवायची जागा काठावरच. मिस्त्रींनी फरशीचा एक तुटका कपरा घेऊन त्यावर त्या ॲसिडचे चार थेंब टाकले. लगेच फसफसून फेस आला, आणि पुसल्यावर खाली खरबरीत पांढरा डाग. शहाबाद हा चुनखडीचा दगड, कोटा आणि कडप्पाही त्याच जातीचे. टँकच्या काठाला यातलं काहीच घालू नका, ग्रॅनाइट घ्या, हा त्यांचा सल्ला मी डोळे झाकून ऐकला.

टँक पूर्ण रिकामा करायचा का, यावर घरात बरीच वादावादी झाली. मिस्त्री म्हणाले, फूटभरच उतरवा. आमच्या मापात एक फूट म्हणजे 800 घनफूट, साधारण साडेबावीस हजार लिटर. आधी काही दिवस क्लोरीन बंद ठेवून ते पाणी नारळांना सोडलं. बाकीचं तसंच ठेवलं. जमिनीतलं पाणी वर असेल तर ते रिकाम्या टँकला खालून रेटतं. तळ तडकतो, कधी अख्खा टँकच उचलला जातो. आत पाण्याचं वजन असलं की ती भीती नाही. शिवाय लाखभर लिटर पाणी परत भरायचं म्हणजे टँकरवाल्याचीच दिवाळी.

खरं काम मातीचं झालं. ब्रेकरनं जुनी फरशी काढली, काठालगतची काळी माती दीड फूट खोल उपसली, आणि मुरूम सहा-सहा इंचांचे थर देऊन, पाणी मारून दाबला. मशीन भाड्याचं होतं, पण कोपऱ्यात मशीन पोचत नाही म्हणून तिथे दोघं हातानं धुम्मस करत होते. त्यावर जाळी घालून चार इंच काँक्रीट. उतार दर फुटाला दोन सूत, टँकपासून बाहेर. म्हणजे चार फुटांच्या पट्ट्यात एक इंच. गोणपाट टाकून पाणी मारत ठेवायला लावलं. मुलगा म्हणत होता की आता टाइल बसवून टाकू. मिस्त्री ऐकले नाहीत, आणि मला तेच आवडलं.

कोपिंगला करडं ग्रॅनाइट घेतलं, लेदर फिनिश, कड गोल मारलेली. काळं घेतलं असतं तर मे महिन्यात दुपारच्या बॅचच्या पोरांचे पाय भाजले असते. ते बसवताना लेव्हल ट्यूब बाजूला ठेवून टँकमधल्या पाण्यापासूनच माप घेत होते, वारा पडलेला असताना, सकाळी लवकर.

भोवती साध्या खरबरीत पार्किंग टाइल्स. टाइल किती घसरत नाही याचा आकडा म्हणून दुकानदार ‘आर अकरा’ वगैरे सांगत होता. तो आकडा बूट घालून, तेलकट उतारावर चालण्याच्या चाचणीचा असतो. अनवाणी, ओल्या पायांसाठी ए, बी, सी अशी वेगळी प्रत असते आणि टँकभोवती निदान बी लागते. आमच्या दुकानदाराला हे ठाऊक नव्हतं. शेवटी टाइलवर साबणाचं पाणी ओतून मी स्वतः चालून बघितलं आणि तीच घेतली.

कोपिंग आणि टाइलच्या मध्ये अर्धा इंच सांधा सोडलाय. आधी त्यात फोमची दोरी दाबून बसवायची, वरून पीयू सीलंट, म्हणजे रबरासारखं ताणलं जाणारं भरण, भरायचं. दोरी कशाला, विचारलं तर म्हणाले, “दोनच बाजूंना चिकटलं पायजे. तळाला बी चिकटलं की ताण बसतोय आन् फाटतंय.” इतक्या वर्षांत या टँकवर असं कारण देणारा पहिलाच माणूस.

आता तक्रारी. ताडपत्री टाकायला सांगूनही ग्रॅनाइट कापायचं कटर टँकच्या काठावरच चालवलं. दगडाची आणि सिमेंटची सगळी राळ पाण्यात गेली, पीएच चढला, ॲसिडच्या कॅनवर कॅन ओतल्या आणि फिल्टर बॅकवॉश करता करता, म्हणजे उलटं पाणी सोडून धुता धुता, हात दुखले. त्याचा खर्च बिलातून वजा करा म्हटलं तर मिस्त्री नुसते हसले. दुसरं म्हणजे गवंडी. यात्रा आली की माणसं गायब, फोन बंद. त्यात वळवाचे दोन तडाखे बसले आणि सीलंट लांबलं, कारण ओल्या सांध्यात ते धरत नाही. पहिली बॅच आठवडाभर पुढे ढकलावी लागली, पालकांची बोलणी मी खाल्ली. हे काम दिवाळी झाल्या झाल्याच सुरू करावं, जानेवारीची वाट बघू नये.

खर्च जीएसटी धरून तीन लाखांच्या थोडा वर गेला. कोपिंग 120 रनिंग फूट, टाइल 544 चौरस फूट. टाइलवर टाइल लावणाऱ्याचं कोटेशन याच्या निम्मं होतं.

उन्हाळाभर रोज पोरं धावली, उड्या मारल्या (बोर्डावर ‘धावू नये’ लिहिलंय, ते वाचतंय कोण). कोणी घसरलं नाही. पाणी बाहेरच्या चरीला जातं, टँकमध्ये पाला येणं पुष्कळ कमी झालं. निळ्या टाइल्सची वरची ओळ जागेवर आहे. पावसाळ्यात माती फुगेल तेव्हा सांधा काय करतो ते बघायचंय, म्हणून पाचपैकी चार स्टार.

पायऱ्यांजवळ ग्रॅनाइटचा एक तुकडा तिरका कापलाय, तिथली फट करंगळीएवढी आहे आणि ती सीलंटनं लपवलीय. दहा हजार रुपये मी त्याच्यासाठी रोखून धरलेत. “वैनी, येतो की पुढच्या आठवड्यात,” हे मे महिन्यापासून चालू आहे.