जिंजर बिअर: बाटलीत आंबवलेली की ग्लासात सोडा घातलेली?

उन्हाळाभर घरात जिंजर बिअर, म्हणजे आल्याचं फसफसतं पेय, ठेवायचं ठरलं की खरा प्रश्न ब्रँडचा नसतो, जातीचा असतो. एक जात बाटलीत आंबते आणि आपली फसफस आपणच तयार करते. दुसरीत आल्याचा रस वेगळा, पाक वेगळा, सोडा वेगळा; तिघांची गाठ थेट ग्लासात पडते. विकतच्या बाटल्यांतही हीच दोन घराणी दिसतात. क्वीन्सलँडची बंडाबर्ग आंबवून केलेली असते. तिच्या तळाशी आल्याचा साका असतो, म्हणून झाकण काढण्याआधी बाटली एकदा उलटी करायची. इंग्लंडची फीव्हर-ट्री आयव्हरी कोस्ट, नायजेरिया आणि कोचीन अशा तीन ठिकाणचं आलं वापरते. तिच्यातला लिंबासारखा ताजा वास आयव्हरी कोस्टच्या आल्याचा. कुठल्या घराण्याची चव आपल्याला रुचते हे कळायला दोन्हींची एकेक बाटली शेजारी ठेवून चाखणं पुरतं.

चाखताना बर्फ नको. बर्फाने जीभ बधिर होते आणि गोडवा लपतो. बाटली फ्रिजमधून काढून पाच-सात मिनिटं बाहेर ठेवली की बस. एका बैठकीत चारच्या वर नकोत, कारण आल्याचा तिखटपणा साठत जातो आणि पाचवी बाटली उगाचच जहाल वाटते. मध्ये साधे मुरमुरे आणि पाणी. सेव चालणार नाही, इंदुरात हे सांगणं जिवावर येतं तरी. घोट गिळल्यावर झणका कुठे लागतो ते बघा. आल्याचा घशाच्या मागे लागतो, चटकन चढतो आणि उतरतो. ओठ चुरचुरत राहिले तर त्यात मिरचीचा अर्क आहे. बरेच कारखानदार तो घालतात, लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलाही असतो. तो वाईटच असं नाही, पण त्याला आल्याची किंमत का मोजायची?

आता घरची. आंबवलेलीसाठी आधी विरजण हवं, जिंजर बग म्हणतात ते. काचेच्या बरणीत अर्धा लिटर पाणी, त्यात दोन चमचे सालासकट किसलेलं आलं आणि दोन चमचे साखर. रोज तेवढंच आलं आणि तेवढीच साखर पुन्हा घालून ढवळायचं. तोंडाला मलमल बांधायची, घट्ट झाकण नको. साल काढू नका, आंबवणारे जीव तिथेच असतात. आपल्या नळाला नर्मदेचं क्लोरीन घातलेलं पाणी येतं. ते उकळून पूर्ण गार केल्याशिवाय घेतलं तर बग दिवसेंदिवस ढिम्म बसून राहतो आणि दोष आल्याला जातो. मे महिन्यात तीन दिवसांत बुडबुडे दिसतात, जानेवारीत आठवडा लागतो. सुरुवातीला कधी बगला तार सुटते, चमच्याने उचलला की पाकासारखा लोंबतो. तो टाकून नव्याने लावलेला बरा. वर काळी किंवा गुलाबी बुरशी आली तर बरणीसकट निरोप द्यायचा.

पुढचं काम सोपं. दोन लिटर पाण्याला शंभर-सव्वाशे ग्रॅम किसलेलं आलं आणि १६० ग्रॅम साखर. दहा मिनिटं उकळून गार करायचं, दोन लिंबांचा रस आणि गाळलेल्या बगची अर्धी वाटी घालायची. सोड्याच्या जुन्या प्लास्टिक बाटल्यांत भरून वर तीन-चार बोटं जागा सोडायची. काचेची बाटली दिसायला छान, पण फुटली तर घरभर काचा. प्लास्टिक दाबून बघता येतं. भरलेल्या क्रिकेटच्या चेंडूसारखं कडक लागलं की लगेच फ्रिज.

आणि चव? पहिल्या दिवशीच्या आंबवलेल्या बाटलीला तोड नाही, हे मान्य करूनच पुढे जावं लागतं. बारीक बुडबुडे, किंचित आंबूस वास, आणि गोडव्यामागे एक कोरडेपणा जो सोड्याच्या प्रकाराला येत नाही. ही तारीफ पहिल्या दिवसाची आहे, एवढं मात्र लक्षात ठेवा.

कारण ती थांबत नाही. पुरेशी फसफस यायला लिटरमागे आठ-दहा ग्रॅम साखर आंबली तरी पुरते. आपण घातलेली असते ऐंशी. उरलेल्या सत्तर ग्रॅमना लगाम फक्त फ्रिजचा, आणि तोही ढिला. खोली ३८ अंशांवर असेल तर ‘अजून मऊ आहे’ आणि ‘फार झालं’ यांत पाच-सहा तासांचं अंतर असतं, आणि ते तास नेमके मध्यरात्रीनंतर येतात. मग उघडताना काय होतं ते बघा. बाटली बेसिनमध्ये उभी. झाकण पाव फेरा. सुस्स आवाज, फेस मानेपर्यंत, झाकण बंद. थांबायचं. पुन्हा पाव फेरा, या वेळी फेसाबरोबर तळाचा साका आणि आल्याचे तंतूही वर, पुन्हा बंद. असं सात-आठ वेळा. प्रत्येक तंतूवर नवे बुडबुडे धरतात, म्हणून फेस बसायचं नाव घेत नाही. शेवटी बाटली शांत होते तेव्हा फसफस हवेत गेलेली, साका ढवळून गढूळ झालेला, एक चतुर्थांश बेसिनमध्ये, आणि पाहुणे बाहेरच्या खोलीत पंख्याखाली वाट बघत बसलेले. त्याच घाण्यातली शेजारची बाटली मात्र अगदी मवाळ निघते. दोन वेळा मलमलीतून गाळा, उघडण्याआधी पूर्ण चोवीस तास फ्रिजमध्ये ठेवा म्हणजे वायू पाण्यात मुरतो. त्रास निम्मा होतो, संपत नाही. माझा कौल फिरला तो इथे. चवीवर नाही, बेसिनपाशी.

दुसरी गोष्ट, जी कुणी आपणहून सांगत नाही. आंबणं म्हणजे थोडं अल्कोहोल आलंच. लिटरमागे १७ ग्रॅम साखर यीस्टने पूर्ण आंबवली तर साधारण १ टक्का होतं, म्हणजे नुसती फसफस भरेपर्यंत अर्ध्या टक्क्याच्या आसपास. बगमधल्या लॅक्टिक बॅक्टेरियांनी थोडी साखर आंबटपणाकडे वळवली तर किंचित कमी. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांत अर्ध्या टक्क्याच्या वर गेलं की पेय मद्यात मोजतात. कोणाला त्याचं काही नसेल. पण घरात शाळकरी मुलं आहेत, आजींचा गुरुवार आहे, तर बाटली पुढे करण्याआधी हे ठाऊक असलेलं बरं.

सोड्याच्या प्रकाराला एकच मोठी चूक मारते: आलं पाकात उकळणं. शिजवल्याने आल्याला तिखटपणा देणारं जिंजेरॉल झिंजेरोनमध्ये बदलू लागतं. ते सौम्य आणि गोडसर वासाचं. म्हणून उकळलेल्या पाकाच्या ग्लासाला आलेपाकाची चव येते, सर्दी झाल्यासारखं वाटतं. तेव्हा पाक वेगळा करायचा, साखर आणि पाणी समान, आणि गार होऊ द्यायचा. आलं कच्चंच. पाव किलो जुनं आलं किसून पंच्यातून पिळलं की शंभर मिलीच्या आसपास रस निघतो. मंडईत नोव्हेंबर-डिसेंबरात येतं ते पातळ सालीचं नवं आलं रसाळ असतं पण मवाळ. उन्हाळ्यातलं तंतूमय, जाड सालीचं आलं घ्या. रस अर्धा तास फ्रिजमध्ये स्थिर ठेवला की तळाला पांढरा स्टार्च बसतो. वरची निवळ अलगद काढून घ्यायची. हे गाळलं नाहीत तर ग्लासाच्या तळाशी कच्च्या पिठासारखी चव उरते, आणि बहुतेकांची तक्रार खरं तर तीच असते.

एका ग्लासाला दोन चमचे रस, दीड ते दोन मोठे चमचे पाक, दोन चमचे लिंबू. वरून दीडशे मिली गार सोडा, ग्लास तिरपा धरून. सोडा शेवटी, आणि चमचा एकदाच खालून वर. काळं मीठ घालण्याचा मोह आवरा. क्षणात जलजिरा होतो, शिवाय मिठाने फेस उसळून फसफसही जाते. रस तीन-चार दिवस टिकतो, पुढे त्याची धार जाते; बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवला तर महिनाभर चालतो.

या ग्लासात पहिल्या दिवशीच्या बाटलीचा तो कोरडेपणा नाही, हे कबूल. पण मंगळवारचा आणि शनिवारचा ग्लास सारखाच लागतो, तिखट कमी हवं असलेल्या मुलाला एक चमचा रस घालता येतो, आणि कुणाला बेसिनपाशी उभं राहावं लागत नाही. उन्हाळ्यासाठी मी तरी हीच सुचवेन. ज्यांना बरणीला रोज खाऊ घालण्यातच रस आहे, जे लग्नाला चार दिवस बाहेर जाताना ती शेजारी ठेवून जातात, त्यांचा हिशोब वेगळा असू शकतो. त्यांनीही मे टाळून जानेवारीत लावावी. थंडीत बाटली तीन दिवस घेते, दाब हळूहळू चढतो, उघडतानाही नाटक कमी. शिवाय सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, तेव्हा गराडूचे कंद तळत असतात, आणि गरम, मसाला भुरभुरलेल्या गराडूबरोबर तो आंबूसपणा फार जमतो.

पिळून उरलेला चोथा मात्र दोन्हींत फेकू नका. ताटात पातळ पसरून दोन दिवस उन्हात कडक वाळवला की चहाच्या डब्यात जातो. सुकल्यावर आलं आणखी तिखट होतं, तेव्हा कपाला चिमूटभरच.